तयार गिऱ्हाईक

त्या भागातली घरं विकली जात, पण विकायला निघत नसत. दोन्ही बाजूंच्या झाडांनी गच्च धरलेले रस्ते, भर दुपारी संध्याकाळ वाटावी अशी सावली, उंच कुंपणं, आत हिरवळीवर फिरणारे पाण्याचे फवारे आणि कुत्र्याला फिरवताना एकमेकांकडे बघून अर्धंच हसणारी माणसं. अशा ठिकाणी फाटकावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावणं म्हणजे चारचौघांत खिसा उलटा करून दाखवणंच. मुलं दूर गेलेली, वरचा मजला कुलपात, जिना चढवत नाही, छत गळतंय, पण विचारा, की उत्तर ठरलेलं, “छे हो, आम्ही कशाला विकतोय?” तेव्हा मालकाच्या मनातलं दलालाने ओळखायचं आणि दलालानेच आधी तोंड उघडायचं, असा तिथला शिरस्ता होता. काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं. “तुमच्याच घरासाठी माझ्याकडे एक गिऱ्हाईक तयार आहे.”

असं गिऱ्हाईक नसतं, हे वेगळं सांगायला नको. मालक एकदा “बघू या” म्हणाला, की मग खरं गिऱ्हाईक शोधायला धावायचं, आणि जे तयार होतं त्याचं काहीतरी ऐनवेळी बिनसलं असं सांगून टाकायचं. यात कुणाचं वाईट होत नाही, असं धंद्यातले सगळे मानत आणि सगळेच तसं करत. मामा म्हणून ओळखला जाणारा एक जुना दलाल होता, त्या भागात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्याचंही तयार गिऱ्हाईक म्हणजे कायम एक ‘परदेशातली मोठी पार्टी’. ना तिला तोंड, ना बूड.

ताईला हे पटत नसे. तिला तिथे सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. खोटंच बोलायचं तर त्याला हाडमांस तरी हवं, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने एक जोडपं तयार केलं होतं. नवरा निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, बायको शाळेत भूगोल शिकवायची. जन्म सगळा बदल्यांत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये गेलेला, मूलबाळ नाही, आणि आता उतारवयात पहिल्यांदाच स्वतःचं घर हवंय. मोठं नको, पण कुणीतरी जीव लावून राखलेलं हवंय. नवऱ्याचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे जिन्यापाशी तो क्षणभर थांबतो. बायको चष्मा दोरीने गळ्यात अडकवते आणि बोलते कमी. ताई हे सांगायची तेव्हा समोरच्या माणसाला ते दोघं फाटकातून आत येताना दिसू लागत, आणि खरं सांगायचं तर तिलाही दिसत. पाणी ज्या भांड्यात ओतावं त्याचा आकार घेतं, तसे ते दोघं मालकाप्रमाणे बदलत. मालकाला बागेचं वेड असेल तर त्यांनाही झाडांचा लळा. मालकाच्या घरात कुणी गेलं असेल तर ते त्या खोलीला हात लावणार नसत. कुणाला काय ऐकायचंय हे ताईला दारातल्या चपलांवरून कळायचं, असं तिचा नवरा थट्टेने म्हणे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

आता या सगळ्यात खरी गोम अशी, की ताईचं माहेर याच भागात होतं. बाबांनी ते घर घेतलं तेव्हा इथे शेवटची बस रिकामी यायची. नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यातल्या माणसाला परवडावी अशीच ती जागा होती. आज त्या घराला काय भाव येईल हे ताईने झोपेतही सांगितलं असतं, आणि म्हणूनच ती तो विचार मनात येऊ देत नसे. परदेशात राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या मनात मात्र तो सारखा यायचा. दर फोनला त्याचं एकच पालुपद. बाबा एकटे, घर अवाढव्य, काढून टाकू, त्यांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू, जिथे रात्रंदिवस नर्स असते. “मी आहे तोवर ते घर विकलं जाणार नाही,” ताई त्याला सांगायची. आई त्याच घरात गेली होती. अर्ध्या भागातली घरं जिने हातोहात विकली, तिला हे एवढं एक राखायचं होतं, आणि त्यासाठी सख्ख्या भावाशी वाकडं घ्यायचीही तिची तयारी होती. बाबा दोघांचंही ऐकून घेत आणि म्हणत, “ताई म्हणेल तसं.”

राखायचं होतं खरं, पण तिथे जाऊन घटकाभर बसायला तिला वेळ नव्हता. रविवारी दुपारी बाबांकडे जेवायला जायचं असं ठरलं होतं, आणि रविवार हाच तर घरं दाखवायचा दिवस. दर वेळी कामच असे असंही नाही. कधी नुसता कंटाळा, कधी पाय पसरून पडून राहावंसं वाटणं. बाबांचं घर काही पळून जात नव्हतं. एका रविवारी सबब सुचेना, तेव्हा तोंडात आयते ते दोघंच आले.

“बाबा, आज ते म्हातारं जोडपं येतंय घरं बघायला. लांबून येतात, त्यांना नाही म्हणवत नाही.”

“अगं, मग जा की,” बाबा म्हणाले. “जेवण काय, पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारीही ते दोघंच आले. मग येतच राहिले. बाबांचं डोकं तल्लख. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनाने सोडवणारा माणूस तो, एकदा ऐकलेलं विसरत नसे. “गुडघा कसा आहे त्यांचा?” असं ते फोनवर विचारत. “म्हणावं, गरम पाण्याची पिशवी ठेवा. मला फरक पडला.” ताई म्हणे, “सांगते,” आणि बोलता बोलता एखादी नवीन गोष्ट जोडून देई. बायको भूगोल शिकवायची हे कळल्यावर बाबांनी विचारलं, “नकाशा वाचता येतो तिला? नुसता बघता नाही, वाचता?” ताई म्हणाली, “उत्तम येतो.” “वा! असं माणूस हल्ली भेटत नाही बोलायला,” बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी फोन ठेवायला जरा वेळ लावला.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या बंगल्यातून वकिलीणबाईंचा फोन आला. वकील त्यांचे यजमान. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा बाईंकडे राहिला होता. त्यांच्यामागे ताई गेले कित्येक महिने लागली होती, आणि बाई आता विकण्याच्या अगदी काठावर आल्या होत्या.

“ते तुमचे दोघं काल येऊन गेले हो,” वकिलीणबाई म्हणाल्या. “किती साधी माणसं! जिन्यापाशी थांबले ते, गुडघा धरून. मी खुर्ची दिली बसायला.”

धंद्यात मुरलेल्या माणसाचा आवाज सहजासहजी हलत नाही. “हो ना,” ताई म्हणाली. “कसं वाटलं त्यांना घर?”

“त्यांचं काय विचारताय, मलाच घर नव्याने आवडायला लागलं. मागच्या झाडाची फांदी तेवढी तोडायची नाही असं म्हणाल्या त्या. तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना?”

फांदी राहील असं तिने सांगितलं होतं खरं, पण ते वकिलीणबाईंना. ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसून राहिली. भुताखेतांचा विचार तिच्या डोक्यात आला नाही. असल्या गोष्टींना तिच्या धंद्यात फुरसत नसते. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती मामाच्या नावाने. तिची युक्ती त्याने उचलली, कुठूनतरी एक म्हातारा-म्हातारी पैदा केली, आणि तिने महिनोन् महिने मऊ करून ठेवलेले मालक आता तो आयते गिळणार. ती त्याच्या जागी असती तर तिनेही कदाचित हेच केलं असतं.

मामा आपल्या ऑफिसात पंख्याखाली बसून केळं खात होता. त्याने ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि साल नीट घडी करून टोपलीत टाकली.

“ताई, तुझे ते दोघं घेऊन मी काय करू? माझी पार्टी परदेशात असते. तिला गुडघे नसतात, म्हणून दुखत नाहीत. माझं बरं चाललंय.”

“मामा, तुम्ही कानांवर हात ठेवणार हे मला माहीतच होतं.”

“ठेवतो की, दोन्ही ठेवतो,” मामा म्हणाला. मग जरा पुढे वाकून त्याने आवाज उतरवला. “पण मला वाटलं होतं, तू ते मनाने रचलेस म्हणून. गुरुवारी दिसले ना मला दवाखान्याच्या गल्लीत. ती पुढे, तो मागे, जरा लंगडत. मी ओळख नसताना हात केला. त्यांनीही केला.”

दवाखान्याच्या गल्लीत एक दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्या वारलेल्या भावाची एक मोडकी मोटरसायकल गॅरेजमध्ये होती, आणि घर सोडायचं तर तिचं काय करायचं या एका प्रश्नावर त्यांचं घोडं अडलं होतं. ताईने त्यांना सांगितलं होतं, की हे दोघं गाडी चालवतच नाहीत, गॅरेज त्यांना नकोच आहे, मोटरसायकल खुशाल तिथेच राहू द्या, वाटेल तेव्हा येऊन बसा तिच्यापाशी. ती त्यांच्या दारात पोचली तेव्हा डॉक्टर आपण होऊन बाहेर आले.

“तुम्हाला फोन करणारच होतो,” ते म्हणाले. “आम्ही विकायचा विचार सोडला. रागावू नका. ते तुमचे दोघं आले होते परवा, गॅरेजमध्ये बसले माझ्याबरोबर तासभर. ते गृहस्थ म्हणाले, हिला जरा तेल दिलं तर चालेल ही. इतकी वर्षं मला हे कुणी म्हटलं नाही हो.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि ते कसनुसे हसले. त्यांच्या हातांना काळं तेल लागलं होतं.

मामा निर्दोष सुटला. डॉक्टरांशी झालेलं बोलणं मामाला कळायचं काही कारण नव्हतं. ते बोलणं झालं होतं फोनवर, घरातून, संध्याकाळी, आणि त्या वेळी खोलीत एकच माणूस होता. त्या दिवशी ताईने जेवताना नवऱ्याकडे इतक्या वेळा पाहिलं, की शेवटी त्याने विचारलं, “माझ्या तोंडाला काही लागलंय का?”

“तू कुणाला सांगतोस का रे माझं? त्या दोघांबद्दल?”

“कुठल्या दोघांबद्दल?”

“माझ्या जोडप्याबद्दल.”

“हां, माझ्या सवतीबद्दल,” तो म्हणाला आणि हसला. “अगं बाई, तू त्यांच्याबद्दल इतकं बोलतेस, की आपलं लग्न त्यांनीच जमवलं असं मला वाटायला लागलंय. मी कुणाला कशाला सांगू? मला तर वाटायचं ते आहेतच.” मग तिचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरली आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा फोन तिने त्या दिवशी पहिल्यांदा चोरून पाहिला, आणि त्यात काही सापडलं नाही याचा तिला आनंद होण्याऐवजी राग आला.

पुढच्या काही आठवड्यांत तिचे मालक एकामागून एक गळत गेले. कुणी भांडलं नाही, कुणी दुसऱ्या दलालाकडे गेलं नाही. सगळे एकच सांगत, की ते दोघं येऊन गेले आणि आता विकावंसं वाटत नाही. तिचा धंदा बसत चालला होता, आणि बसवणाऱ्यांचं नाव-गाव विचारायची सोय नव्हती, कारण ते तिने ठेवलंच नव्हतं. ती एकदोनदा गाडी घेऊन त्या रस्त्यांवर हळूहळू फिरली. झाडाखालून जाणारी प्रत्येक पांढऱ्या केसांची बाई तिला संशयित वाटू लागली. कुठल्याही घरात ती पोचली, की कपबशा नुकत्याच विसळलेल्या असत आणि मालक म्हणत, “आत्ता गेले बघा, थोडी आधी यायचीत.”

मग वकिलीणबाईंच्या मुलाचा फोन आला. तो लांबच्या शहरात नोकरीला होता आणि रागाने धुमसत होता. “तुम्ही माझ्या आईकडे कुणाला नेऊन बसवलंय?”

“मी कुणालाच बसवलेलं नाही.”

“मग फोन कोण उचलतं? एक बाई उचलते. म्हणते, आई झोपल्यात, उठल्या की सांगते. कुणाची आई? आणि माझी आई मला उलटा फोन करत नाही. तुमचं नाव घेते ती बाई. म्हणते, आम्हाला ताईंनी पाठवलंय.”

धंदा बुडणं वेगळं आणि हे वेगळं. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात गोड बोलून शिरायचं, विश्वास बसला की कागदावर सही घ्यायची. असली प्रकरणं तिने कमी पाहिली नव्हती. आणि एकटं म्हातारं माणूस म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल हे सांगायला नको. तिने तसाच बाबांना फोन लावला. फोन बराच वेळ वाजला, आणि मग बाबांनी उचलला तो हसत हसतच, कुणाचंतरी बोलणं अर्धं टाकून आल्यासारखं.

“बाबा, कुणी आलं होतं का तुमच्याकडे?”

“अगं, येतात ना ते, तुझे दोघं. किती दिवस म्हणत होतीस, शेवटी आले. आज तिसऱ्यांदा आले असतील. ती फार हुशार आहे, मी जुने नकाशे काढलेत तिच्यासाठी.”

“बाबा, ऐका. त्यांना घरात घेऊ नका.”

“म्हणजे?” बाबांचा आवाज एकदम कोरा झाला. “तुझीच माणसं ना ती? दर रविवारी त्यांच्यासाठी जातेस तू.”

हाच तो क्षण. ‘बाबा, अशी माणसं नाहीतच,’ एवढं वाक्य तिला म्हणायचं होतं. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य होतं, की मग सगळे रविवार मी कुठे होते? बाबांसारखा माणूस ते दुसरं वाक्य काही न बोलता, नुसता गप्प राहून विचारणार होता. तिने एकदा सगळा श्वास गोळा केला. आपण आजच जाऊ, समोर बसून सगळं सांगू, फोनवर कशाला, असं तिने स्वतःला बजावलं.

“ताई?” बाबा म्हणाले. “तुझीच आहेत ना?”

“हो,” ती म्हणाली. “माझीच आहेत.”

“मग झालं तर. घाबरवलंस की मला,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी जाणं झालं नाही. एका व्यवहारात बयाणा परत करायची वेळ आली होती, वकिलाकडे बसावं लागलं. दुसऱ्या दिवशीही नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढं काळीज हललेलं असताना माणूस थांबतो कसा? माणूस असाच थांबतो. जिथे तोंड दाखवायची लाज वाटते, तिथला रस्ता रोज उद्यावर पडतो. शिवाय तोपर्यंत तिचा संशय नव्या जागी जाऊन बसला होता, आणि तिथे तो असा काही फिट्ट बसला की तिला जवळजवळ हायसं वाटलं. भाऊ. ते घर विकावं असं जगात एकालाच वाटत होतं. त्यानेच कुणालातरी पैसे चारून हे दोघं उभे केले असणार, आधी भागात फिरवून त्यांचं नाव केलं असणार, आणि आता बाबांना गोडीगुलाबीने सहीपर्यंत आणणार. आपलंच सोंग वापरून आपल्याच माहेरावर पाणी सोडायला लावतोय, या विचाराने तिला इतका संताप आला, की भावाशी काय काय बोलायचं ते तिने आंघोळ करताना मोठ्याने म्हणून पाहिलं.

पण रविवारी सकाळी फोन आला तो भावाचाच, आणि तो भांडायच्या बेतात नव्हता.

“ताई, तू जिंकलीस,” तो म्हणाला. “विकायचं नाही तर नाही. काल आपण बोललो त्यानंतर मला रात्रभर वाईट वाटत होतं. तू तिथे राहायलाच आलीस म्हटल्यावर माझा काही प्रश्नच उरत नाही.”

“काल आपण बोललो?”

“म्हणजे काय? मी बाबांना फोन केला, तूच उचललास. आवाज बसलेला होता तुझा. औषध घेतलंस का?” तो जरा थांबला. “बाबा खूश आहेत गं. तू जेवण वाढायला घेतलं होतंस, मागे त्यांचं हसणं ऐकू येत होतं. किती वर्षांनी ऐकलं.”

ताईने फोन तसाच टेबलावर ठेवला. आतून भाऊ हॅलो हॅलो करत राहिला. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तोवर ती उठली होती. गाडीची किल्ली घेतली आणि निघाली.

रविवार दुपार होती. त्या भागातले रस्ते नेहमीसारखेच नीटनेटके, नेहमीसारखेच निर्मनुष्य. वकिलीणबाईंच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या आणि पडदे नवे होते. डॉक्टरांच्या गॅरेजमधून इंजिनाचा आवाज येत होता, खोकत खोकत सुरू होणारा. ताई यापैकी कुठेच थांबली नाही. चोर पकडायला निघालेल्या माणसाचा सगळा आवेश तिच्या अंगात होता. फाटकात गाडी उभी करून ती जवळजवळ पळतच आत गेली, आणि अंगणात तिचे पाय आपोआप मंदावले, कारण तिथे वाईट असं काहीच नव्हतं. कित्येक महिने न कापलेली मेंदी कापलेली होती. गळकी पन्हळ दुरुस्त झाली होती. व्हरांड्यात बाबांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची होती, तिच्यात एक म्हातारा माणूस उजवा पाय स्टुलावर ठेवून बसला होता, आणि त्याच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती. जुन्या ओळखीच्या माणसाला करावा तसा त्याने तिला हात केला.

ती दारापाशी पोचायच्या आत दार उघडलं. उघडणाऱ्या बाईच्या गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा होता. ताईने तिला याआधी कधीच पाहिलं नव्हतं आणि तिला ती पुरती ओळखत होती. डाव्या मनगटावर भाजल्याची एक जुनी खूण होती. ती खूण ताईने कधीतरी गाडी चालवता चालवता मनातल्या मनात दिली होती. कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

“या ना,” बाई म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही. तिच्या बोलण्यात कावा असता तर ताईला बरं वाटलं असतं. तो नव्हता. असलीच तर थोडी कणव होती.

“कोण आहात तुम्ही?” ताई म्हणाली. तिचा आवाज खरोखरच बसला होता.

बाईने ते ऐकून जरा नवलाने तिच्याकडे पाहिलं. “असं काय विचारता? तुम्हीच तर पाठवलंत.”

“बाबांना बोलवा.”

“कोण आहे गं?” आतून बाबांनी विचारलं.

“घरांचं काम करतात ना, त्या आल्यात,” बाई मान न वळवता म्हणाली.

बाबा बोळातून बाहेर आले. हातात अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, बोटांत पेन, अंगात धुतलेला, इस्त्रीचा सदरा. इतके ताजेतवाने ते आई गेल्यापासून दिसले नव्हते. त्यांनी चष्म्यावरून ताईकडे पाहिलं, अगदी नीट, लक्ष देऊन, त्यांच्या नेहमीच्या त्या काही न विसरणाऱ्या नजरेने.

“बाबा,” ती म्हणाली.

ते हसले. अनोळखी माणसाने आदराने हाक मारली म्हणजे म्हातारी माणसं हसतात, तसं. “या वयात सगळ्यांचाच बाबा होतो माणूस,” ते म्हणाले. “बसा म्हटलं असतं, पण आमचं जेवण व्हायचंय आणि आज रविवार. तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय हं. फार धावपळ असते म्हणे तुम्हाला.”

तिला खूप काही म्हणायचं होतं. लहानपणी बाबांनी खिडकीत बसवून पाठ करून घेतलेले पाढे, आईचं अखेरचं आजारपण, भावाशी घेतलेलं वाकडं, हे घर राखायचा आपण धरलेला हट्ट. बाईने बाबांच्या खांद्यावरचा धागा काढून टाकला. बाबांना ते जाणवलंही नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं.

“एक विचारायचं होतं,” बाबा म्हणाले. “तुमच्याकडे ते म्हातारं जोडपं यायचं ना, दर रविवारी, लांबून? मिळालं का त्यांना घर?”

ताईने बाईकडे पाहिलं. बाईने नजर खाली घातली.

“मिळालं,” ताई म्हणाली.

“बरं झालं. फार हिंडले बिचारे,” बाबा म्हणाले आणि कोड्यात बघत आत वळले. “दार लाव गं ताई. वारा येतोय.”